यज्ञ, स्फोट आणि गुपित : 'धूमकेतू' कथा वर्गात वाचताना

२०२५ सालच्या आरंभी '२०२४ वायआर ४' नावाचा एक लघुग्रह वर्तमानपत्रांत बराच गाजला. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील ॲटलास सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने तो टिपला होता. साधारण ६० मीटर आकाराचा हा खडक २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस १ टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. तो पडलाच तर कोठे पडेल हे दाखवणारा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होता. त्यामुळे मुंबईचे नावही बातम्यांत आले. पुढच्या आठवडाभरातच ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली आणि बातमी संपली.

वर्गातले प्रश्न मात्र संपत नाहीत. 'सर, आधी धोका वाढला आणि मग एकदम नाहीसा कसा झाला?' 'खरे काय ते आपल्याला सांगतात का?' अशा वेळी अनेक शिक्षकांना डॉ. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' ही कथा आठवते. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. ही कथा चार दशकांहून अधिक जुनी आहे. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या आठवीच्या 'इट सो हॅपन्ड' या पूरक वाचनाच्या पुस्तकात दोन भागांत होते, त्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही गेली. वरील प्रश्नांची उत्तरे या कथेत कितपत मिळतात, हे येथे पाहायचे आहे.

कथा थोडक्यात

कोलकात्यातील दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक आहेत. आपल्या दुर्बिणीला त्यांनी 'दिव्यचक्षू' असे नाव दिले आहे. पत्नी इंद्राणीदेवींना हे रात्रीचे वेड पसंत नाही. एके रात्री दत्तदांना एक नवा धूमकेतू दिसतो. बंगळूरच्या संस्थेकडून त्याची खात्री होते आणि धूमकेतूला त्यांचे नाव मिळते. इंद्राणीदेवींच्या मनात मात्र अशुभाची शंका येते. इकडे केंब्रिजमधला एक शास्त्रज्ञ गणित मांडतो, तेव्हा हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे निष्पन्न होते. घबराट नको म्हणून हे गुप्त ठेवले जाते. निवडक शास्त्रज्ञांची बैठक भरते आणि अवकाशात अणुस्फोट करून धूमकेतूला वाटेवरून ढकलण्याची मोहीम ठरते. दत्तदा घरी परततात, तर तेथे अरिष्टशांतीसाठी यज्ञ मांडलेला! पुढे धूमकेतू पृथ्वीजवळून निघून जातो. घरच्यांच्या मते ही यज्ञाची पुण्याई, आणि दत्तदा मनातल्या मनात खिन्न होतात.

कथेचे बळ

विज्ञान प्रत्यक्षात कसे चालते हे या कथेत फार सहजपणे आले आहे. एकट्या माणसाने काही पाहिले म्हणजे शोध लागला असे होत नाही. त्याने ते कळवावे लागते, दुसऱ्याने ते पाहावे लागते आणि तिसऱ्याने त्याचे गणित करावे लागते. पदवी, हुद्दा किंवा मोठी प्रयोगशाळा नसलेला माणूसही चिकाटीच्या बळावर या साखळीत पहिली कडी होऊ शकतो, हा दिलासा कथा देते. तो खोटा नाही. १९९६ च्या जानेवारीत ह्याकुताके हा धूमकेतू एका जपानी हौशी निरीक्षकानेच द्विनेत्रीतून शोधला होता.

आघाताची कल्पनाही मनाला वाटते तितकी दूरची नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघातानेच बनले आहे, आणि तेही सह्याद्रीतील किल्ल्यांच्या बेसाल्टशी नाते सांगणाऱ्या दख्खनच्या कातळात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटरचा खडक फुटला. त्यात दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांमुळे. हा खडक सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाच दिसला नव्हता.

पहिली उणीव : गणिताची घाई

कथेत केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने गणित केले आणि टक्कर ठरली. कथेच्या वेगासाठी ते सोयीचे आहे. परंतु आठवीच्या मुलाच्या मनात यातून असे बसते की शास्त्रज्ञ एकदा गणित करतात आणि निकाल लावतात. मग तोच मुलगा ३.१ टक्के ही बातमी वाचतो तेव्हा गोंधळतो, आणि आकडा शून्यावर आला की 'शास्त्रज्ञ चुकले' असे म्हणतो.

प्रत्यक्षात काय घडते ते शाळेच्या मैदानावर दाखवता येईल. फक्कीने १०० पावले लांबीची एक पट्टी आखा. लघुग्रह त्या दिवशी या पट्टीवर कोठेतरी असेल, इतकेच आज आपल्याला ठाऊक आहे. पट्टीवर एका पावलाइतक्या जागेत एक विद्यार्थी उभा करा, ती पृथ्वी. आदळण्याची शक्यता १०० त १. आणखी काही रात्रींची निरीक्षणे आली, कक्षा अधिक नेमकी कळली, म्हणून पट्टी दोन्ही टोकांकडून पुसत ३२ पावलांवर आणा. पृथ्वी अजून पट्टीतच आहे, म्हणून शक्यता ३२ त १, म्हणजेच सुमारे ३.१ टक्के! लघुग्रह होता त्याच वाटेने जातो आहे आणि पृथ्वीही जागची हललेली नाही. कमी झाले ते आपले अज्ञान. आणखी निरीक्षणे येतात, पट्टी ८ पावलांची होते आणि पृथ्वी तिच्याबाहेर पडते. शक्यता शून्य. (सोयीसाठी येथे पट्टीवर सगळीकडे शक्यता सारखी धरली आहे, प्रत्यक्षात ती मध्ये अधिक व टोकांकडे कमी असते.)

ॲपोफिस या लघुग्रहाचेही असेच झाले होते. तो १९ जून २००४ रोजी सापडला. त्या डिसेंबरात २०२९ मधील टकरीची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली, आणि मार्च २००४ मधील जुन्या छायाचित्रांत तो आढळताच ती टक्कर रद्द झाली. मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढील निदान १०० वर्षे त्याच्यापासून धोका नाही हेही नक्की झाले. धोका आधी वाढून मग नाहीसा होणे ही या गणिताची नेहमीची चाल आहे. 'धूमकेतू' वाचून झाल्यावर ही पट्टी मैदानावर आखली नाही, तर कथेमुळे मुलाची समजूत अर्धवट राहील.

दुसरी उणीव : दोष कोणाचा?

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा कथेच्या शेवटाचा आहे. तेथे रोख अंधश्रद्धेवर आहे. शास्त्रज्ञांनी संकट टाळले आणि श्रेय यज्ञाला गेले, ही दत्तदांची व्यथा. वर्गात बहुधा येथेच तात्पर्य काढून धडा संपवला जातो. पण इंद्राणीदेवींच्या बाजूने जरा पाहू. धूमकेतू आला हे त्यांनी पाहिले. यज्ञ झाला हेही पाहिले. धूमकेतू काही अपाय न करता गेला. मध्ये अणुस्फोट झाला हे त्यांना कोणी सांगितले होते? मोहीमच गुप्त. जो पुरावा त्यांच्यासमोर आलाच नाही, तो त्यांनी मानला नाही म्हणून त्यांना दोष कसा द्यावा?

विज्ञानाचा दावा यज्ञाच्या दाव्याहून वेगळा ठरतो तो स्फोटाच्या आवाजामुळे नव्हे. आकडा आधी जाहीर करायचा आणि नंतर कोणालाही तो तपासू द्यायचा, या शिस्तीमुळे तो वेगळा ठरतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फॉस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले. डायमॉर्फॉसच्या फेरीचा वेळ निदान ७३ सेकंदांनी बदलला तर प्रयोग यशस्वी मानायचा, असे आधीच ठरले होते. प्रत्यक्षात ११ तास ५५ मिनिटांची फेरी ११ तास २३ मिनिटांवर आली, आणि हा फरक पृथ्वीवरील दुर्बिणींनी मोजला. यज्ञाच्या बाजूने असा आकडा कोणी आधी सांगत नाही, म्हणून तो दावा तपासता येत नाही. परंतु कथेतल्या शास्त्रज्ञांनीही तो जाहीर केलेला नाही! त्यामुळे सामान्य माणसाच्या दृष्टीने स्फोट आणि यज्ञ दोन्ही सारखेच: कोठेतरी दूर, काही जाणत्या मंडळींनी, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत केलेला एक विधी.

ही विसंगती लेखकाने जाणूनबुजून ठेवली असेल, असे कोणी म्हणेल. शीतयुद्धाच्या त्या काळात अशी बातमी सरकारे दडपतील हे वाचकाला पटण्यासारखेही होते. परंतु तसे असेल तर दत्तदांच्या मनात या गुप्ततेबद्दलही एखादा प्रश्न उठायला हवा होता. त्यांची खंत घराच्या उंबरठ्याशीच थांबते. शिवाय कथेतले ठळक स्त्रीपात्र एकच आणि सगळी अंधश्रद्धा तिच्याच पदरात, हेही खटकते. वर्गातल्या मुलीने यातून आपल्या आजीला हसायला शिकावे, असा परिणाम व्हायला नको.

सुदैवाने वास्तव कथेच्या पुढे गेले आहे. २०२४ वायआर ४ च्या वेळी निरीक्षणे, कक्षा आणि शक्यतेचे आकडे रोज सर्वांना खुले होते. शक्यता १ टक्क्याच्या वर जाताच आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा यंत्रणेने रीतसर सूचना काढली. नारळीकरांच्या शास्त्रज्ञांना भीती होती ती घबराट काही उडाली नाही. थोडा गोंधळ झाला, पण त्यावर उपाय आकडे लपवण्याचा नाही. ते वाचायला शिकवण्याचा आहे, आणि ते काम शिक्षकाचे आहे.

आजचे दत्तदा आणि वेल्ह्याचे आकाश

एका बाबतीत मात्र काळाने कथेला मागे टाकले आहे. नवे लघुग्रह आता बहुतेक स्वयंचलित दुर्बिणीच शोधतात. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा केवळ १० तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडल्याचे सांगितले. मग 'दिव्यचक्षू' घेऊन गच्चीवर बसायचे कशाला, असे विद्यार्थी विचारील. शोधाची जागा कमी झाली, तरी तपासण्याची आणि मोजण्याची जागा शिल्लक आहे. २०२० साली सुरतच्या दोन शाळकरी मुलींनी हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे तपासून एक लघुग्रह दाखवून दिला. अशा मोहिमांत संगणक असलेली कोणतीही शाळा भाग घेऊ शकते.

आणि एक संधी तर चालून येते आहे. शुक्रवार, १३ एप्रिल २०२९ च्या रात्री ॲपोफिस पृथ्वीजवळून जाईल. १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवर, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळ असेल. त्या वेळी तो अटलांटिक महासागरावर असल्याने आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. पण त्याआधी त्याची वाट हिंदी महासागरावरून आहे, म्हणून रात्रीच्या पूर्वार्धात तो आपल्याकडून दक्षिण-पश्चिम आकाशात शोधता येईल. सर्वांत ठळक असताना तो सुमारे तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याएवढा दिसेल; आपल्या वाट्याला येईल तो याहून मंद. पुण्याच्या दिव्यांत असा मंद ठिपका हरवून जाईल. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, पानशेत-तोरण्याच्या मागे, जेथे पश्चिमेला घाटमाथा आणि त्यापलीकडे कोकण उतरते, तेथे तो सापडण्याची आशा बरीच अधिक. त्या दिवशी अमावास्या आहे आणि दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी. वेल्हे गावाच्या नैऋत्येला तोरणा उभा असल्याने शाळेने मोकळे क्षितिज असलेली जागा आधीच पाहून ठेवावी. गावातले दिवे त्या रात्री तासभर बंद ठेवावेत यासाठी ग्रामपंचायतीशीही बोलावे.

नुसते पाहण्यावर थांबू नये. वेल्ह्यातील आणि नागपूरकडील शाळेने ठरलेल्या एकाच क्षणी ॲपोफिसचे ताऱ्यांसह छायाचित्र घ्यावे. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत ६०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. ॲपोफिस १ लाख किलोमीटरवर असताना दोन चित्रांतील त्याच्या जागेत जास्तीत जास्त एक तृतीयांश अंशाचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या दोन तृतीयांशाइतका फरक पडेल. त्यावरून त्याचे अंतर दहावीच्या त्रिकोणमितीने काढता येईल आणि नासाने जाहीर केलेल्या अंतराशी ताडून पाहता येईल.

मग 'धूमकेतू' वर्गात वाचावी का? अवश्य वाचावी. नारळीकरांनी मराठी मुलाच्या हातात दिलेली दुर्बीण अजून चांगली आहे. मात्र वाचून झाल्यावर 'यज्ञाने धूमकेतू टळला का?' एवढेच विचारून थांबू नये. 'इंद्राणीदेवींना कोणता आकडा सांगितला असता तर त्यांना स्वतः पडताळता आले असते?' हेही विचारावे. १३ एप्रिल २०२९ ला गावात कोणी शांत करू लागले, तर त्या घरच्या आजींना विद्यार्थ्यांनी अंगणात बोलवावे, तो कोठे आणि किती वाजता दिसेल हे आधी सांगावे आणि मग दाखवावे.