निद्रिस्त वीराची दंतकथा आणि मराठी परंपरा

बंगळूर या नगराचे नाव ज्या जुन्यात जुन्या लेखात आढळते, तो लेख एका मृत वीराचा आहे. बेगूर येथील नागेश्वर मंदिराच्या आवारातील हा हळेकन्नड शिलालेख सुमारे इ. स. 890 चा. बंगळूरच्या लढाईत बुट्टणसेट्टी पडला, एवढेच तो सांगतो. बेगूरहूनच आणलेला एक मोठा वीरगळ बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. गंगांचा सरदार नागत्तर रणात पडला, आणि त्यानंतर बेंपूरची बारा गावे इरुग यास देण्यात आली, असा तपशील त्यावर कोरलेला आहे. वीर पडला, गावे दिली. विलाप नाही, पुनरागमनाची आशाही नाही.

युरोपातील निद्रिस्त वीराच्या दंतकथेचा विचार करताना हा कोरडेपणा मला फार बोलका वाटतो. आर्थर अ‍ॅव्हलॉनमध्ये, होल्गर क्रोनबोर्गच्या तळघरात, फ्रेडरिक बार्बारोसा क्युफहॉयझर पर्वतात झोपलेला आहे आणि राष्ट्रावर संकट येताच तो उठेल, ही श्रद्धा तेथे शतकानुशतके टिकली. आपल्याकडे तसा वीर का नाही? पुराणात मुचुकुंद आहे खरा. देवांसाठी लढून थकलेला हा इक्ष्वाकुवंशीय राजा गुहेत झोपतो आणि लाथ मारून उठविणारा कालयवन त्याच्या दृष्टीने भस्म होतो. परंतु मुचुकुंदाने निद्रा मागितली ती विश्रांतीसाठी. जागा झाल्यावर तो कोणाचे राज्य राखीत नाही; बाहेरची माणसे खुजी झालेली पाहून बदरिकाश्रमास तपाला निघून जातो. त्याची वाट पाहणारे कोणी नव्हतेच.

वाट पाहण्याचा खरा प्रसंग मराठ्यांवर आला तो पानिपतानंतर. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. ते पडले यावर अनेकांचा विश्वास बसेना. पार्वतीबाईंनी 1783 साली मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. दंतकथेला लागणारी सारी सामग्री येथे होती. पण उपजला तो तोतया. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेला हा इसम 1776 साली सुटला, कोकणात त्याच्याभोवती हजारोंची फौज जमली, आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यास पुण्यात देहान्त शासन झाले.

जर्मनीतही असेच घडले होते. सम्राट दुसरा फ्रेडरिक 1250 मध्ये वारला. टिले कोलुप नावाच्या इसमाने आपणच तो सम्राट असल्याचा दावा केला, आणि 1285 मध्ये त्यास वेत्सलार येथे जाळण्यात आले. तेथे तोतया जळाला तरी सम्राटावरील श्रद्धा जळाली नाही. ती पर्वतात शिरली, आणि पुढे दुसऱ्या फ्रेडरिकची जागा त्याच्या आजाने, बार्बारोसाने, घेतली. पुण्यात तोतया मेल्यावर भाऊ मात्र सह्याद्रीच्या एखाद्या गुहेत गेले नाहीत.

याचे कारण राजकारणापेक्षा कल्पनेच्या सवयीत शोधावे, असे मला वाटते. वीरगळाची रचना पाहावी. खाली झुंज, त्यावर वीरास नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे बसलेला तो वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. हा वीर पोहोचलेला आहे. ज्याची जागा ठरली, त्यास माघारी बोलाविणे हे जवळजवळ अशिष्टपणाचे होय. भाषेनेही तेच केले. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार घडवून तिने त्या दिवसाचा अखेरचा हिशेब लिहून टाकला. न. चिं. केळकरांना या विषयावर नाटक लिहावेसे वाटले, तेव्हा त्याचे नावही ‘तोतयाचे बंड’ असे झाले; भाऊंचे पुनरागमन असे नव्हे.

एकोणिसाव्या शतकात निद्रेची प्रतिमा मराठीत जोराने आली, पण उलटी होऊन. निबंधमालेच्या (1874) काळापासून झोपलेला आहे तो समाज. वीराचे चरित्र हे त्यास उठविण्याचे साधन. भूपाळीची सवय असलेल्या भाषेला हे सहज साधले. 1896 साली क्युफहॉयझरवर जागा होणारा दगडी बार्बारोसा आणि त्याच्या डोक्यावर अश्वारूढ पहिला विल्यम उभा राहिला, त्याच वर्षी टिळकांनी रायगडावर शिवोत्सव केला. तेथे दंतकथा राजघराण्याची जाहिरात झाली. येथे एका समाधीचा जीर्णोद्धार आणि त्यासाठी वर्गणी, असे माणसांनीच करावयाचे काम पुढे आले. शिवरायांना ‘पुन्हा या’ म्हणून आळविणारी कविता आपल्याकडे विपुल आहे. तिच्यातील बरीचशी मला निस्तेज वाटते, कारण वाचकाचे काम ती दुसऱ्यावर सोपविते.

भूमीखाली असून जिवंत, असा एकच पुरुष मराठी मनाने निःशंकपणे मानला, आणि तो योद्धा नव्हे. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीस समाधी घेतली. अजानवृक्षाची मुळी कंठास लागली म्हणून त्यांनी एकनाथांना स्वप्नात बोलाविले, ही कथा सर्वपरिचित आहे. सुमारे तीन शतकांनी या समाधिस्थाने हाक दिली ती सैन्यासाठी नव्हे. परंपरा या हाकेला जोडते ते काम पाठशुद्धीचे. लेखकांच्या हातून ग्रंथात अपपाठ शिरले होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी ताकीद लिहून ठेविली, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये.