फाइल उघडली, पण गाव सापडलं का?

एनसीईआरटीच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात पायथनमधल्या फाइल-हाताळणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. रीड, रीडलाइन, रीडलाइन्स, टेल, सीक या सगळ्यांची ओळख त्यात करून दिली आहे. मांडणी स्वच्छ आहे, उदाहरणं करून पाहण्याजोगी आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. उदाहरणांतल्या फाइली मोजक्या ओळींच्या आहेत. एवढ्याशा फाइलीतून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्नच उभा राहत नाही. खऱ्या माहितीशी गाठ पडते, तेव्हा मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

समजा, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या किती गावांत नळाचं पाणी आहे, हे मुलांना शोधायचं आहे. २०११ च्या जनगणनेत गाववार सोयींची नोंद आहे. त्यात नळ, विहीर, हातपंप असे रकाने आहेत. पण देशात गावं ६ लाख ४० हजारांच्या वर! रीडलाइन्स वापरलं तर सगळ्या ओळी एकदम मेमरीत येतात आणि शाळेतला जुना संगणक बसकण मारतो. फाइलीवरच फॉरचं चक्र फिरवलं तर एका वेळी एकच ओळ तपासता येते. हवी ती ठेवायची, नको ती सोडायची. पाखडताना आपण अख्खं पोतं सुपात ओततो का?

पण हवी ती ओळ ओळखायची कशी? नुसता 'शहापूर' शब्द शोधला तर दुसऱ्या जिल्ह्यांतली शहापूरंही येतील. जिल्हा ठाणे निवडूनही भागत नाही. २०११ मध्ये ठाण्यात १५ तालुके होते. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्यामुळे जव्हार-मोखाडाही सोबत येतात. म्हणून तालुक्याचा पाच अंकी संकेतांक पाहावा. तोही मजकूर म्हणूनच वाचावा, कारण संख्या केली की सुरुवातीचा शून्य गळतो. आणि रकान्यांची नावं असलेली पहिली ओळ आधी बाजूला काढून ठेवावी, नाहीतर पुढचे आकडे कशाचे तेच कळणार नाही.

एवढा खटाटोप का करायचा? २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता: १,१०,६०,१४८ माणसं, त्यांतली बहुतेक शहरांत राहणारी. अशा जिल्ह्याच्या सरासरीत डोंगराकडेचा पाडा दिसतच नाही. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं. धरणाजवळच्या गावांच्या नळाच्या रकान्यात काय लिहिलं आहे? हे वाचायचं तर नेमकी तीच ओळ काढता आली पाहिजे.

शिक्षकांनी हे प्रकरण जरूर शिकवावं, फक्त फाइल आपल्या तालुक्याची घ्यावी. निवडलेल्या ओळी मोजून त्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतल्या गावांच्या संख्येशी ताडून पाहाव्यात. मग मुलांना आपल्या गावाची ओळ काढायला सांगावी आणि तेव्हाची नोंद आजच्या नळाशी जुळते का, ते विचारावं.