अद्भुत की साक्षात्कार? : अल्फोन्सो अरुल दॉस यांची ख्रिस्तचित्रे
चेन्नईच्या शासकीय कला व हस्तकला महाविद्यालयात (स्थापना १८५०) शिकलेले आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले अल्फोन्सो अरुल दॉस (जन्म १९३९) यांची ख्रिस्तचित्रे प्रथमदर्शनी विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांची आठवण करून देतात. त्यांतील मानवाकृती पारदर्शक रंगप्रकाशात विरघळत जातात. तथापि या चित्रांना ‘अद्भुतिका’ म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही. अद्भुतिकेतील जग कल्पित आहे, हे निर्माता व आस्वादक दोघेही गृहीत धरतात; श्रद्धावान चित्रकाराच्या लेखी मात्र ते सत्यच असते. थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणून अदृश्य परिचित केले. दॉस प्रकाशाच्या द्वारे त्याचे अपरिचितपण राखतात. म्हणूनच साहित्यप्रकारांची परिभाषा चित्रकलेस लावताना प्रतिमांच्या साम्याआधी त्यांमागील श्रद्धेची भूमिका तपासणे अगत्याचे आहे.