धुरकट सॅन अँड्रियास

‘जीटीए: सॅन अँड्रियास’ची ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हा पात्रांचे मेणासारखे चेहरे आणि पावसाच्या पांढऱ्या रेघा पाहून लोकांनी शिव्या घातल्या. त्या बरोबरच होत्या. माझी तक्रार मात्र वेगळी होती. त्या आवृत्तीतून धुरकटपणा गेला होता.

मूळ गेम २००४ चा, प्लेस्टेशन २ साठी केलेला. या यंत्राची मेमरी ३२ एमबी. लांबवरचं सगळं एकदम काढणं त्याला झेपत नसे, म्हणून दूरचा भाग नारिंगी धुरकटात बुडवलेला. या अडचणीतूनच गेमचा आवाका तयार झाला. तीन शहरं, मधे डोंगर आणि वाळवंट. गाडी चालवताना पुढचं गाव हवेतून हळूहळू वर येई आणि राज्य अफाट वाटे. नव्या आवृत्तीत माउंट चिलियाडवर उभं राहिलं की लांबची शहरं ताटात वाढल्यासारखी समोर. राज्य एवढंसंच होतं, हे तेव्हा कळलं. मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता टोकाचं झाड असतं-नसतं, तशी मूळची ती हवा. आम्हा वऱ्हाडी पोरांना कॅलिफोर्निया त्यामुळेच ओळखीचा वाटला असावा. पुढे २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या वळणाची प्रकाशयोजना परत आणावी लागली.

म्हणून घरातला पीएस-टू डिस्क वाचेनासा झाला की तो दुरुस्त करायचा की टाकून द्यायचा, हा प्रश्न मला खर्चापेक्षा आवृत्तीचा वाटतो. गेम कोणत्या आवृत्तीत वाचायचा?

अमरावतीत मला मिळालेलं उत्तर सरळ होतं. ‘‘लेन्स थकली भाऊ. सीडी वाचून राह्यली, डीव्हीडी नाही वाचत. फेकून द्या न, मोबाइलवर सारंच चालते.’’ निदान अचूक होतं. पीएस-टूच्या एकाच लेन्सखाली दोन लेझर असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा. एक मेला तरी दुसरा जगतो, म्हणून निळ्या बुडाच्या डिस्क चालतात आणि चंदेरी अडतात. पुष्कळदा नुसती धूळ असते, ती पुसून काम भागतं. पण काही कारागीर लेझरचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा जोर वाढवतात. डिस्क लगेच चालते, आणि लेझर आणखी लवकर मरतो. बाजारातल्या कॉपी केलेल्या डिस्कांनी हा त्रास वाढवलाच होता, कारण त्या अस्सल डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत फेकतात. नवी लेन्स बसवायची तर स्थिर विजेपासून वाचवण्यासाठी तिच्यावर दिलेला डागाचा ठिपका आधी काढावा लागतो. अनेक जण तो विसरतात आणि लेन्स खराब निघाली म्हणतात. कंपनीनं यंत्राचं उत्पादन २०१३ च्या सुमारास थांबवलं. पंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली, पण लेन्स जुन्या यंत्रांतून काढलेली तरी नाहीतर नक्कल तरी.

मोबाइलचं काय? एम्युलेटर धुरकटपणा राखतो, हे मान्य. तो घालवतो दुसरीच गोष्ट. सॅन अँड्रियासमध्ये कुठेही सेव्ह करता येत नाही, घरीच यावं लागतं. भारनियमनाच्या वर्षांत याला आमच्याकडे वेगळाच अर्थ आला होता. वीज जायची वेळ ठरलेली, त्यामुळे मिशन सुरू करायचं की घर गाठायचं हा निर्णय घड्याळ पाहून व्हायचा. ही भीती गेम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती, तरी आमच्या वाचनात ती होती. एम्युलेटरच्या ‘सेव्ह स्टेट’मध्ये कुठल्याही क्षणी थांबता येतं, हरण्याला काही वजनच उरत नाही. शिवाय भरवसा किती? अँड्रॉइडवरचा एथरएसएक्स२ २०२१ च्या शेवटी आला आणि २०२३ च्या सुरुवातीला त्याच्या निर्मात्यानं काम थांबवलं.

सॅन अँड्रियास तरीही जगेल, बरीवाईट नवी आवृत्ती निघत राहील. मला काळजी आहे ती २००९ च्या ‘हनुमान: बॉय वॉरियर’ची. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं केलेला हा गेम पीएस-टूसाठीच होता. गेम वाईट आहे, आणि मी ते पुळका बाजूला ठेवून म्हणतो. मारामारी कंटाळवाणी आहे. पण देवाला कंट्रोलरनं हलवणं म्हणजे अपमान, असा आक्षेप अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेनं घेतला होता, आणि या गेमवरचं सगळ्यात लक्षपूर्वक मत मला तेच वाटतं. खेळणारा हनुमान ‘होतो’, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे बहुरूपी हनुमान होऊन दारात येतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही. बटणांवरून देव होण्यात मात्र कोड्यासारखं काहीतरी आहे, आणि गेमला त्याचं काही करता आलं नाही. त्याच सुमारास ‘देसी अड्डा’ आला, विटीदांडू आणि कबड्डी घेऊन. कबड्डीतला दम बटणावर उतरत नाही, पण उतरवायचा प्रयत्न कुठे फसला हे पाहायलाही तो गेम चालू व्हायला हवा.

पुस्तकाचं बरं असतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. तो कायदा गेमला लागू नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवलं की तिथले २०१० पूर्वीचे ८७ टक्के गेम बाजारात मिळत नाहीत. आपण तर मोजायलाही बसलेलो नाही.

तर लेन्स मिळाली तर जरूर बसवा. पण त्याआधी कुणाकडून तरी डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना कॉम्प्युटर मागून आणा. पीएस-टूची डिस्क त्यात वाचली जाते आणि तिची पूर्ण प्रत उतरवता येते. विकत घेतलेल्या प्रोग्रामची नुकसानापासून बचावासाठी प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. जुन्या जाड मॉडेलमध्ये हार्ड डिस्कची जागाच आहे, तिथून गेम चालवता येतो आणि लेझरला कामच उरत नाही. यूएसबीवरून चालवाल तर मधले व्हिडिओ अडखळतील, कारण पोर्ट १.१ चे आहेत. सुरुवात ‘हनुमान’पासून करा.