पेटीवरचा खटला

हार्मोनियमइतके निंदेचे धनी झालेले आणि तरीही घरोघरी पोहोचलेले दुसरे वाद्य आपल्या देशात क्वचितच सापडेल. रवींद्रनाथ टागोरांना ते मानवत नव्हते. आनंद कुमारस्वामींनी त्याच्यावर कठोर टीका केली. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून त्याला स्टुडिओची दारे बंद केली, ती १९७१ साली किलकिली झाली. एकल वादनाला तर त्यानंतरही दीर्घकाळ ताटकळावे लागले. या सर्व वर्षांत पंढरीच्या वाटेवरील भजनी मंडळांत, नाटकगृहांत, शाळेच्या प्रार्थनेत आणि आपल्या ख्रिस्तमंदिरांत पेटी मात्र वाजतच राहिली.

हा वाद शिळा झाला असे कोणी समजू नये. २०२२ साली अमृतसरच्या अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत क्रमाक्रमाने काढून जुन्या तंतुवाद्यांना परत आणावे, अशी सूचना केली. आपल्या धर्मग्रामांत तर पेटी कोणत्याही आज्ञेवाचून मागे पडत असून तिच्या जागी विजेचा कीबोर्ड येत आहे. म्हणून पेटीवरील आरोप पुन्हा एकदा तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. हे आरोप मुख्यतः दोन आहेत. पेटी परकी आहे, हा पहिला. ती बेसूर आहे, हा दुसरा. टीकाकारांनी या दोहोंची सरमिसळ केली आणि तिथेच न्यायनिवाड्यात घोटाळा झाला.

पहिला आरोप घेऊ. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले, हे खरे. परंतु ज्या मोकळ्या पत्तीच्या कंपनातून तिचा नाद निघतो, ती पत्ती चीनच्या ‘शंग’ या प्राचीन मुखवाद्यात शतकानुशतके वाजत होती. युरोपात तिचा प्रसार अठराव्या शतकात झाला. म्हणजे पेटीचा जीव मुळात आशियातलाच. ज्या ऑर्गनला आपण ख्रिस्तमंदिराचे वाद्य मानतो, त्याची कुळकथा तर याहून बोलकी आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबिअसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन तयार केला. पुढे रोमन लोकांनी तो आखाड्यातील खेळांच्या वेळी वाजवला. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिन याला ऑर्गन नजर केला, आणि त्यानंतरच्या शतकांत तो पश्चिमेकडील मठांत व मंदिरांत स्थिरावला. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांनी मात्र आजतागायत उपासनेत कोणतेही वाद्य स्वीकारलेले नाही. तेव्हा ज्याला आपण परंपरा म्हणतो, तेही कधी काळी पाहुणे म्हणूनच आले होते.

व्हायोलिनचा दाखला याहून निर्णायक आहे. तेही युरोपातलेच, परंतु बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकात ते कर्नाटक संगीतात रुजवले आणि आपल्याकडे गजाननबुवा जोशी व व्ही. जी. जोग यांनी त्यातून राग उभे केले. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट सरकेल तिथे स्वर. म्हणून त्याच्या जन्मगावाची चौकशी कोणी केली नाही. यावरून परकेपणाचा आरोप निकालात निघतो.

शिवाय भारतात आल्यावर पेटी जशीच्या तशी राहिली नाही. युरोपात तिचा भाता पायांनी चाले आणि दोन्ही हात स्वरांवर असत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिला जमिनीवर बसवून भाता हाताशी दिला. या बदलाचा परिणाम खोल झाला. एक हात भात्यात गुंतला, त्यामुळे अनेक स्वरांच्या जुळणीचे पाश्चात्त्य संगीत आपोआप मागे पडले आणि एका स्वरामागून एक स्वर घेणारे आपले संगीत पुढे आले. नावात ‘हार्मनी’ उरली, वाद्यातून ती बहुतांशी गेली!

दुसरा आरोप मात्र इतक्या सहजी झटकता येत नाही. पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याचे षड्जाशी प्रमाण पाचास चार असे असते. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो. शिवाय पेटीवर मींड नाही. दरबारीचा आंदोलित गंधार तिच्या पट्टीवर येऊच शकत नाही, कारण तो एका जागी उभा राहणारा स्वर नव्हे. हे दोष आपल्याच लोकांनी ओळखले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुंबई इलाख्यातील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. बडोद्याच्या १९१६ सालच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, परंतु गायकांच्या गळी ती उतरली नाही. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी तोच प्रश्न नव्या रचनेने हाताळला. या खटपटींनी सुराचा प्रश्न बराच सुटला, तरी मींडेचा राहिलाच.

मग गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या पेटीने रसिकांना का मोहित केले? त्यांची पत्ती इतरांपेक्षा निराळी नव्हती. या वादकांनी वाद्याची मर्यादा जाणली आणि तिच्या आत राहून गायकाचा श्वास ऐकला. चांगला संगतकार गायकाच्या अर्धे पाऊल मागे असतो. गायक मींड घेतो तेव्हा तो दोन टोकांचे स्वर अलगद स्पर्शून मधली जागा गळ्यासाठी मोकळी सोडतो. पेटीचा दुसरा गुन्हा सिद्ध होतो, परंतु तिला झालेली शिक्षा चुकीची होती, असा माझा निष्कर्ष आहे. रेडिओने वाद्याला हद्दपार केले. वाद्याचे स्थान कोणते, हा प्रश्न विचारला नाही. पेटी सोबत करते तेव्हा ती गुणी सेविका असते. ती पुढे चालू लागली की गायकाचा कान आळशी होतो, कारण स्वर शोधण्याचे कष्ट उरत नाहीत.

कानाला कष्ट देणारी वाद्ये आपल्या दारातच आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; परंतु त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा या आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीत पिकतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तंबोरा गाणे वाजवत नाही. तो फक्त आधार देतो आणि स्वर शोधण्याचे काम गाणाऱ्यावर सोपवतो. तसेच सोलापूरचे सुंदरी हे वाद्य. शहनाईच्या कुळातले, परंतु तिच्याहून लहान असे हे सुषिर वाद्य सिद्राम जाधव यांनी मैफलीत मानाला नेले आणि त्यांच्या घराण्याने ते जपले. सुंदरीत स्वर तयार मिळत नाही. ओठ, बोटे आणि श्वास यांनी तो प्रत्येक वेळी घडवावा लागतो. अशी वाद्ये जिथे नांदतात, तिथल्या लोकांनी सुरांच्या बाबतीत परावलंबी व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आता आपल्या उपासनेकडे वळू. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्ये ख्रिस्तमंदिरात वर्ज्य ठरवली होती. तो निकष तसाच राहता तर आपले टाळ-मृदंगही उंबऱ्याबाहेरच राहिले असते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनचा मान राखला, परंतु उपासनेस साजेशा अन्य वाद्यांनाही वाट दिली, आणि स्वतःची संगीतपरंपरा असलेल्या लोकांच्या त्या परंपरेस योग्य स्थान द्यावे असे सांगितले. तसेच उपासनेत श्रद्धावंतांचा सक्रिय सहभाग हे आपल्या सुधारणेचे सूत्र ठरवले. त्या सूत्राने पाहिले तर जमलेल्या लोकांचा कंठ हे मंदिराचे पहिले वाद्य होय. बाकी सारी त्याच्या संगतीला.

या कसोटीवर कीबोर्डचे काय होते? तो विजेवर चालतो, यात दोष नाही. विजेचा तंबोराही निष्ठेने आधार देतो. गायकवृंद लहान असतो, पेटीवादक मिळत नाहीत, तरुणांना या वाद्याची ओढ वाटते आणि त्या निमित्ताने ते रविवारी पुढच्या बाकांवर येतात, हेही मी नाकारत नाही. आक्षेप त्यातील तयार ठेक्याला आहे. बटण दाबले की ठेका सुरू होतो आणि तो कोणासाठीही थांबत नाही. वृद्ध आजींना कडव्याच्या अखेरीस श्वास घ्यावयाचा असतो. यंत्राला त्याची वार्ता नसते. दोन-तीन रविवार त्या मागे पडतात आणि मग गाणेच सोडून देतात. उरतात ते ध्वनिवर्धकातून येणारे चार आवाज आणि ऐकत उभी असलेली मंडळी. पेटीमास्तर निदान मान वर करून लोकांकडे पाहत असे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणत्याही वाद्यावर बंदी घालू नये. आपण १९४० सालची चूक पुन्हा करावयाची नाही. कीबोर्ड ठेवावा, पण त्याचा तयार ठेका उपासनेत बंद असावा. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर तंबोऱ्याच्या साथीने सरगम शिकवावी. वादकाने कडव्याच्या अखेरीस लोकांचा श्वास पुरा होईपर्यंत थांबावे. आणि प्रत्येक रविवारी निदान एक गीत वाद्यावाचून गावे. पहिल्या काही आठवड्यांत ते बेसूर होईल, हे निश्चित. ते ऐकून घेण्याची तयारी धर्मगुरूने आणि गायकवृंदाने ठेवली, तर आपली माणसे पुन्हा एकमेकांचा आवाज ऐकू लागतील. आणि त्यांच्या मागे अर्धे पाऊल चालणारी पेटी कोणालाही परकी वाटणार नाही.