सात रेघा आणि एक चौकट

'कॉक्रेन' ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासते. तिचे मूळ बोधचिन्ह संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांच्या आवडीचे आहे, आमच्याही. वर्तुळात एक उभी रेघ, तिच्या आसपास सात आडव्या रेघा आणि खाली डावीकडे पत्त्यांतल्या चौकटसारखी आकृती. विषय आहे दिवस भरण्याआधीच बाळंत होऊ घातलेल्या स्त्रीला दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ जितकी लांब, तितकी अनिश्चितता जास्त. ती उभ्या रेघेला टेकली, तर त्या एका चाचणीवरून उपचाराच्या परिणामाबद्दल ठामपणे बोलता येत नाही. बहुतेक रेघा टेकतातच! पण सर्वांची माहिती एकत्र केल्यावर मिळणारी चौकट मात्र स्पष्टपणे डावीकडे, म्हणजे बाळे वाचण्याच्या बाजूला पडते. इतक्या कमी जागेत इतके सांगणारे दुसरे चित्र आम्ही पाहिलेले नाही.

ह्यातली पहिली चाचणी ऑकलंडमधली. मेंढीच्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांना स्टेरॉइड मिळाले, तर त्यांची फुप्फुसे लवकर पक्व होतात, असे लिगिन्स यांना १९६९ साली दिसले होते. फुप्फुसातले वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो. तो स्टेरॉइडमुळे लवकर तयार होतो. लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली २८२ मातांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकाली जन्मलेल्या बाळांतला श्वसनविकार २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला होता. तरीही हा उपचार रुळायला दोन दशके लागली.

चित्रासोबत हीच गोष्ट सांगतात : पुरावा समोर होता, तो कोणी एकत्र करून पाहिला नाही, म्हणून बाळे गेली. गोष्ट खरी आहे. आमचा आक्षेप ती तिथेच संपवण्याला आहे. त्या सात रेघा सुसज्ज रुग्णालयांतल्या आहेत, हे चित्रात कुठेच दिसत नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हेच इंजेक्शन सहा देशांतल्या खेड्यापाड्यांपर्यंत नेले होते. नागपूर व बेळगाव हे भाग त्यात होते. लहान बाळांतले मृत्यू घटले नाहीत. सर्व बाळे धरली, तर हजार जिवंत जन्मांमागे मृत्यू २३.९ ऐवजी २७.४ झाले. मातांमधील संशयित जंतुसंसर्गही वाढला. दिवस नेमके किती भरले हे ठरवणे अवघड होते, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ जणींची बाळे लहान नव्हतीच.

पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे सोनोग्राफीने दिवस ठरवले होते आणि नवजात बाळाची नीट देखभाल होत होती. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. इंजेक्शन तसेच, भोवतालची व्यवस्था वेगळी.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हे बोधचिन्ह फळ्यावर काढाल तेव्हा २०१५ ची, सर्व बाळांच्या मृत्यूंची रेघही काढा. ती उभ्या रेघेला न टेकता उजवीकडे पडेल. मग वर्गाला विचारा : ही आठवी रेघ त्या सातांत मिळवून नवी चौकट काढता येईल का?