पिकात वाचत पडलेला माणूस

सॅम्युएल पामरच्या ‘द व्हॅली थिक विथ कॉर्न’ या रेखाचित्राच्या नावाचे भाषांतर करताना पहिली ठेच ‘कॉर्न’लाच लागते. इथे मक्याचा संबंध नाही. त्या काळच्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य, मुख्यतः गहू. नाव आले आहे बायबलच्या ६५व्या स्तोत्रातून. त्या स्तोत्रात पिकाने भरलेल्या दऱ्या आनंदाने गातात. पामरच्या दरीत मात्र कोणी गात नाही. जुन्या, एलिझाबेथकालीन पोशाखातला एक माणूस पिकात रेलून पुस्तक वाचतो आहे. मागे टेकड्या आणि भला मोठा पूर्ण चंद्र.

चित्र १८२५चे, म्हणजे पामरच्या विशीतले. आदल्याच वर्षी जॉन लिनेलने त्याची विल्यम ब्लेकशी गाठ घालून दिली होती. त्या वर्षाची अशी सहा चित्रे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. पुढे १९०९मध्ये पामरच्या मुलाने वडिलांचे तरुणपणीचे बरेच काम जाळून टाकले, त्यामुळे या सहांचे मोल अधिकच. सेपिया शाईत डिंक मिसळलेला असल्याने यातला काळोखही तकाकतो. कणसे माणसाच्या मानाने अवाढव्य. दूरचे ते धूसर, हा निसर्गचित्राचा नेम पामर मोडतो. लांबच्या टेकडीची कडाही तो ठसठशीत ओढतो.

चित्राला सर्रास शोरमची दरी म्हटले जाते, पण केंटमधल्या त्या गावी पामर राहायला गेला तो यानंतर.

प्रश्न असा, की हे पीक कापणार कोण? १८३०मध्ये याच केंटमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटल्या. १८३२च्या निवडणुकीत पामरने पश्चिम केंटच्या मतदारांसाठी पत्रक लिहिले, तेही टोरी पक्षाच्या बाजूने. त्या पत्रकावरून सात वर्षे आधीच्या चित्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही. ‘हे भक्तीचे चित्र, मजुरी विचारू नका’ हा बचावही तितकाच आळशी वाटतो. पुरावा चित्रातच आहे. तो पोशाख दोन-अडीच शतके मागचा. ही समृद्धी आपल्या काळातली नव्हे, हे पामरने त्या कपड्यांतून स्वतःच सांगून टाकले आहे. तिच्यापर्यंत जायची वाट पुस्तकातून, म्हणून त्या माणसाचे लक्ष पिकाकडे नाही. चित्रात इतके नेमके पाळलेले हे अंतर पत्रक लिहिताना मात्र त्याच्या हातून सुटले.